राबतं कोण, आराम कोणाला
रिमोटच्या नायट्रो बग्ग्या पळवणाऱ्यांची हौस दांडगी. 3.5 सीसीच्या इंजिनाला हात सैल, पाइपाला सैल, चकचकीत बॉडीला तर विचारूच नका. क्लच बेलमधली 5 बाय 10 बाय 4 मिलिमीटरची बेअरिंगची जोडी मात्र ‘फिरतेय की अजून’ म्हणून गेल्या मोसमातलीच! गाडी सुसाट असताना बेल आणि शाफ्ट जोडीनं फिरतात, बेअरिंगला आराम. गाडी पिटमध्ये उभी, मालक गप्पांत, तेव्हा ते बिचारं आयडलवर गरगरतं. त्यात क्लचची धग. तेल केव्हाच जळालेलं. मग कुणी महागडं सिरॅमिक आणतं आणि शिमच्या पातळ चकत्या मोजायच्या कंटाळ्यानं बेल जाम आवळतं. ऐन फायनलमध्ये गोळ्या सांडतात, बेल निळी पडते. दोष? कार्ब्युरेटरच्या सुईचा, अर्थातच.