बिअर हजर, बँक गैरहजर

महामारी ओसरू लागली तसे एकेका देशानं दरवाजे किलकिले केले. आधी आत शिरले पर्यटक, आणि त्यांच्या मागोमाग इंग्रजीचे मास्तर. पर्यटकांचं स्वागत हारतुऱ्यांनी झालं, त्याचे फोटो छापून आले. मास्तरांची दखल कुणी घेतली नाही. पण गरज मोठी होती. आशियातल्या शाळाशाळांतून इंग्रजी शिकवणारे गोरे तरुण २०२० साली मिळेल त्या विमानानं घरी पळाले होते, आणि शाळा पुन्हा भरल्या तेव्हा त्यांतले बरेचसे परतलेच नाहीत. खुर्च्या रिकाम्या होत्या. इकडे कराडात माझा स्पोकन इंग्लिशचा क्लासही रिकामाच होता, कारण ऑनलाइन शिकवणीत विद्यार्थी पहिली गोष्ट शिकले ती माझा आवाज बंद करायची. तेव्हा मी थायलंडला निघालो.

'थायलंड' हे नाव आपल्याकडं चारचौघांत मोठ्यानं घ्यायची सोय नाही. लग्न झालेल्या पुरुषाला तर नाहीच. "शिकवायला?" असं बायकोनं विचारलं आणि बराच वेळ ती काहीच बोलली नाही. प्रीतिसंगमावर फिरायला येणाऱ्या मित्रांनी मात्र एकमुखानं पाठिंबा दिला. एकानं तर फळा पुसायला बिनपगारी यायची तयारी दाखवली. व्हिसा 'बी' प्रकारचा आहे, शाळा मुलामुलींची आहे, गाव समुद्रापासून लांब आहे, असं मी ज्याला त्याला समजावत सुटलो. त्यामुळं संशय वाढला.

खरी अडचण वेगळीच होती. परदेशातल्या इंग्रजी मास्तरकीच्या जाहिराती उघडून बघा. पहिली अट 'नेटिव्ह स्पीकर'. नेटिव्ह म्हणजे अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आणि मालक उदार असला तर दक्षिण आफ्रिका. आपण या यादीत नाही. इंग्रज आपल्याकडं दीडशे वर्षं राज्य करून गेला, आपली घटना इंग्रजीत लिहिली गेली, सर्वोच्च न्यायालयाचे निकाल इंग्रजीत लागतात, नवरा-बायकोचं भांडण रंगात आलं की ते इंग्रजीवर जातं, तरी नाही. इंग्रजाच्या काळी 'नेटिव्ह' म्हणून आम्हाला क्लबात घेत नव्हते, आणि आता नेटिव्ह नाही म्हणून शाळेत घेत नाहीत. दोन्ही वेळा बाहेर उभे आम्हीच.

यावर थायलंडच्या शिक्षक परिषदेनं एक तोड काढलेली आहे. बिगर-नेटिव्हानं परीक्षा देऊन इंग्रजी येतं हे सिद्ध करायचं. टोइक नावाची ९९० गुणांची परीक्षा असते, तीत किमान ६०० हवेत. हजार सोडून ९९० का, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. उरलेले दहा नेटिव्ह मंडळींसाठी राखीव असावेत. एम. ए. इंग्रजी करून, निम्म्या कराडला 'हॅज बीन' आणि 'हॅड बीन' यांतला फरक समजावून झाल्यावर, कानाला हेडफोन लावून 'सभा किती वाजता आहे?' या प्रश्नासमोरचा गोल काळा करताना मला जरा भरून आलं.

भारतातून नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानं २७ मार्च २०२२ पासून पुन्हा सुरू झाली होती. थायलंडनं १ मेपासून लस घेतलेल्यांची चाचणी आणि हॉटेलातली कैद रद्द केली. उरला होता तो 'थायलंड पास' नावाचा प्रवेश-परवाना, आणि त्यासाठी दहा हजार डॉलरचा आरोग्यविमा. मी त्याच महिन्यात निघालो. विमान मुंबईहून चारेक तासांचं. पण तिकडं कालगणना बुद्धाच्या निर्वाणापासून धरतात, त्यामुळं २०२२ साली चढलो तो २५६५ साली उतरलो. महामारीनं आयुष्यातली दोन वर्षं खाल्ली म्हणून घरी रडत होतो, इथं एका डुलकीत ५४३ गेली.

गाव लोपबुरी. बँकॉकच्या उत्तरेला साधारण दीडशे किलोमीटर. माकडांसाठी प्रसिद्ध. मार्च २०२० मध्ये इथल्या माकडांची भर रस्त्यातली दंगल सगळ्या जगानं मोबाइलवर पाहिली होती. केळी घालणारे पर्यटक एकाएकी नाहीसे झाले, आणि खाण्याच्या एका तुकड्यामागं शेकडो माकडं एकमेकांवर धावून गेली. मी पोचलो तेव्हा पर्यटक परतू लागले होते, पण माकडांची मनं पूर्ववत झाली नव्हती. दुकानदार त्यांना घाबरवायला दारात कापसाचे वाघ बांधून ठेवत. माकडं त्या वाघांना टेकून बसत. माझ्या घरमालकीणबाईंनी किल्ली देताना खुणांनी तीन गोष्टी बजावल्या: खिडकी उघडायची नाही, पिशवी हलवत चालायचं नाही, आणि माकडाशी वाद घालायचा नाही. तिसरी मी पाळली नाही आणि तोंडावरचा मास्क गमावून बसलो. थायलंड सरकारनं मास्कची सक्ती २३ जूनला उठवली. लोपबुरीत माकडांनी ती आधीच उठवली होती.

लोक मात्र सक्ती उठल्यावरही मास्क लावूनच हिंडत होते, आणि शाळेत तर तो होताच. आता मास्क लावून इंग्रजी उच्चार शिकवणं काय प्रकार आहे, हे ज्यानं शिकवलंय त्यालाच विचारा. 'थिंक' आणि 'दिस' यांत जीभ दातांमध्ये धरायची असते. ती धरली आहे की नाही हे मुलांना दिसत नाही, मुलांनी धरली का हे मला दिसत नाही. दोन्ही बाजूंनी निव्वळ विश्वासावर व्यवहार चाललेला. प्लास्टिकची पारदर्शक ढाल लावून पाहिली तर दुसऱ्या 'थ'ला तिच्यावर वाफ धरली. शेवटी फळ्यावर दात आणि जीभ काढून दाखवली. चित्रकला मला पहिल्यापासून बेताची. आकृती थेट कालीमातेची झाली. पहिल्या बाकावरच्या मुलीनं तिला हात जोडले.

नावांचा घोळ आणखी वेगळा. थाई मुलांची कागदावरची नावं चांगली लांबलचक, संस्कृत वळणाची असतात. ती फक्त प्रमाणपत्रावर. रोज हाक मारायला प्रत्येकाला टोपणनाव, आणि आईबापांना जे आवडलं ते. माझ्या वर्गात बिअर होती, बँक होता, बेंझ होता, गोल्फ होता, आइस नावाच्या तर दोघीजणी होत्या. हजेरी घेताना मला आपण एखाद्या बिल्डरच्या पार्टीत उभे आहोत असं वाटे. घरी व्हिडिओ कॉलवर आईनं विचारलं, "मुलं कशी आहेत रे?" मी सहज म्हणालो, "बिअर फार गुणी आहे. बँकेनं मात्र डोकं उठवलंय." आई थोडं थांबली आणि म्हणाली, "कर्ज काढून पितोस होय रे?"

दोन वर्षं ही मुलं पडद्यासमोर बसलेली होती. तिथल्या शिक्षण खात्यानं महामारीत शिकवण्याचे पाच मार्ग ठरवले होते: ऑन-साइट, ऑनलाइन, ऑन-एअर, ऑन-डिमांड आणि ऑन-हँड. म्हणजे वर्गात, इंटरनेटवर, टीव्हीवर, हवं तेव्हा, आणि काहीच नसेल तर घरपोच कागदांवर. परिणाम असा की 'ऑन' हे शब्दयोगी अव्यय पोरांच्या हाडीमाशी भिनलेलं. पुस्तक दप्तरात असलं तरी 'ऑन', भात पोटात गेला तरी 'ऑन'. आणि काही वाक्यं अशी अस्खलित येत, की कुठल्याही नेटिव्हानं मान खाली घालावी. "टीचा, कॅन यू हिअर मी?" "टीचा, माय इंटरनेट नो गुड." हे दुसरं वाक्य समोर, पहिल्या बाकावर बसून, गृहपाठ का नाही याचं कारण म्हणून.

मात्र सगळ्यांत पाठ काय असेल तर सकाळचं नमन. मी वर्गात शिरलो की सगळे उठून एका सुरात "गुड मॉर्निंग, टीचा". मी म्हणायचं, हाउ आर यू. त्यांनी म्हणायचं, "आय ॲम फाइन, थँक यू, अँड यू?" यात कधी बदल नाही. एका सकाळी बेंझ वर्गाबाहेर कठड्याशी एकटाच उभा दिसला, डोळे लाल, हातात कोविडच्या चाचणीची पट्टी, तीवर दोन रेघा ठसठशीत. "एटीके, टीचा," तो म्हणाला. घरीच ठेवायला हवं होतं त्याला. मी चार पावलं मागं सरून काळजीनं विचारलं, हाउ आर यू? "आय ॲम फाइन, थँक यू, अँड यू?"

आता शिक्षकांच्या खोलीकडं वळतो. तिथं परदेशी असे आम्ही तिघं. एक मनिलाकडच्या बाई, शाळेतलं अर्ध्याहून अधिक इंग्रजी त्यांच्या अंगावर. पेपर काढणं, तपासणं, नाटक बसवणं, आणि मी आजारी पडलो की माझे तास. दुसरा मी. तिसरा पूर्व युरोपातला एक उंच, निळ्या डोळ्यांचा, स्वभावानं अगदी लोण्याचा गृहस्थ. त्याची मातृभाषा इंग्रजी नव्हती, तशी त्याची समजूतही नव्हती. पण पालकांच्या लेखी नेटिव्ह तोच. मधल्या सुट्टीत तो वही घेऊन माझ्याकडं येई आणि हळूच विचारी, "इथं 'अ' लावायचं की 'द'?" त्याच्या भाषेत ही उपपदंच नाहीत. माझ्याही नाहीत, पण मी त्यासाठी लहानपणी मार खाल्लाय. तर्खडकरी इंग्रजीला हसणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की नियम ज्याला मार खाऊन शिकावा लागतो त्यालाच तो दुसऱ्याला सांगता येतो. जन्मजात बोलणारा म्हणतो, "कानाला असंच बरं वाटतं." परीक्षेत कान कुठून आणायचा?

पगार त्याचा आम्हा दोघांपेक्षा जास्त होता, हेही सांगून टाकतो. शाळेच्या फाटकावर प्रवेशाचा मोठा फलक लागला, त्यावर तो हसताना. बाईंचं नाव नाही. माझा डावा कान आला होता, कडेला. मुलांना मात्र माझ्याबद्दल भलताच आदर, आणि त्याचं कारण निराळं. तिकडं हातगाडीवर केळं नि कंडेन्स्ड मिल्क घातलेली रोटी मिळते, आणि तिचा संबंध ती भारताशी जोडतात. "टीचा, रोटी करता येते?" हा मला विचारला गेलेला पहिला प्रश्न. येत नाही म्हटल्यावर माझ्या भारतीयत्वाविषयीच शंका निघाली.

ती घालवायला मी मारुती काढला. माझं मूळ गाव उंब्रज, समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक आमच्याकडं. आणि लोपबुरी म्हणजे रामानं हनुमानाला बक्षीस दिलेलं नगर, अशी तिथली दंतकथा. म्हटलं, जुळलं. मी उत्साहानं इंग्रजीत सांगितलं की आमच्या गावी हनुमानाची पूजा होते, त्याच्या शक्तीची, आणि त्याच्या ब्रह्मचर्याची. ब्रह्मचर्य म्हणजे काय हे फळ्यावर सोपं करून लिहिलं: 'नो वाइफ.' वर्ग खदखदून हसला. बिअर उठून उभी राहिली आणि अत्यंत नम्रपणे मला सुधारू लागली. थाई रामायणात, म्हणजे रामकियनात, हनुमान मोठा रसिक आहे. सेतू बांधताना अडथळा आणायला आलेली रावणाची मत्स्यकन्या, सुवन्नमच्छा, तिच्यावर तो भाळतो. त्यांना मुलगाही होतो. बिभीषणाच्या मुलीशीही त्याचं जमतं. "टीचा, हनुमान हॅव मेनी वाइफ," बिअर म्हणाली. मी 'हॅज' आणि 'वाइव्ह्ज' असं दुरुस्त केलं आणि बसलो. उंब्रजला हे कळवलेलं नाही.

जूनमध्ये गुरुवंदनेचा दिवस येतो, त्याला 'वाई ख्रू' म्हणतात. तो शक्यतो गुरुवारी धरतात. आमच्याकडं तो ९ जूनला झाला. मुलांनी घरून तबकं करून आणली होती आणि ती पाहून मी चाटच पडलो: हरळी, लाह्या, इक्झोराच्या कळ्या आणि वांग्याची फुलं. हरळी तुडवली तरी पसरते, तशी विद्या पसरावी. लाह्या तव्यावर झाकणाखाली फुटतात, तशी शिस्त. कळ्या सुईसारख्या, म्हणून बुद्धी तल्लख. वांग्याचं फूल खाली मान घालून असतं, तशी नम्रता. कृष्णाकाठच्या माणसानं जन्मभर वांगी खाल्ली, फुलाकडं या नजरेनं कधी बघितलं नाही. मुलं गुडघ्यांवर सरकत आली, डोकं टेकवून तबक पुढं केलं. दूर्वा पायाशी, लाह्या पुढ्यात. फक्त मोदक नव्हते. निळ्या डोळ्यांचा मित्र संकोचानं घामाघूम झाला होता. बाई शांतपणे रडत होत्या. त्याच गुरुवारी थायलंडनं गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, त्यामुळं संध्याकाळच्या बातम्यांत आमच्या हरळीला जागा मिळाली नाही.

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी: पहिलं सत्र मेच्या मध्याला सुरू होतं, दुसरं नोव्हेंबरात. पदवीचं मूळ प्रमाणपत्र, पोलिसांचा चारित्र्याचा दाखला आणि परीक्षेचे गुण आधी हातात घ्या. तिकीट नंतर काढा. जाहिरातीत अजूनही 'नेटिव्ह पाहिजे' असंच लिहिलेलं असेल. बेधडक अर्ज करा. मुलाखतीला टाय लावा. व्याकरण तिथं कुणी विचारत नाही, टायची गाठ मात्र बघतात.