क्रेडिटराव

लखनौच्या चौकात रोज सकाळी दोन गोष्टी तापतात. खाली गलाईच्या भट्टीत आबांचं सोनं आणि वर माडीवर चिरंजीवांचं डोकं. सांगलीकडच्या विटा-खानापूर भागातली गलाईवाली मंडळी देशभरच्या सराफ बाजारांत पसरली, त्यातलंच हे घर. चिरंजीव मात्र सोनं गाळत नाहीत, क्रेडिट साठवतात. म्हणून गल्लीत त्यांचं नाव पडलं क्रेडिटराव.

२०१७ साली सरकारनं ‘स्वयम्’ हे ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ सुरू केलं ते खास आपल्यासाठी, अशी त्यांची श्रद्धा आहे. व्याख्यानं फुकट, पैसे लागतात ते फक्त परीक्षेला. चार आठवड्यांच्या कोर्सला एक क्रेडिट, आठ आठवड्यांना दोन, बारांना तीन. कोर्स निवडताना ते आधी आठवडे वाचतात, मग विषय, तोही जमला तर. त्यामुळे बी.कॉम.च्या या विद्यार्थ्याच्या फायलीत जर्मन भाषा, पायथन आणि मृदा-यांत्रिकी गुण्यागोविंदानं नांदतात.

आयुष्यही ते याच मापानं मोजतात. गावाहून मामांचा फोन आला, “भाच्या, लग्नाला येतोस ना?” तर हे विचारतात, “मामा, किती आठवड्यांचं आहे?” पंडित विष्णु नारायण भातखंड्यांच्या पुढाकारानं १९२६ साली उभ्या राहिलेल्या कैसरबागेतल्या संगीत संस्थेपुढे मराठी पाहुणे हात जोडतात. क्रेडिटराव फाटकातल्या दरवानाला विचारून आले की तबला किती क्रेडिटचा.

नव्वद टक्क्यांना ‘स्वयम्’वरच्या एनपीटीईएल कोर्सच्या प्रमाणपत्रावर ‘एलिट’सोबत ‘गोल्ड’ छापून येतं. पहिलं तसं प्रमाणपत्र आलं तेव्हा ते धावत भट्टीपाशी गेले.

“आबा, गोल्ड मिळालं!”

आबांनी चिमटा खाली ठेवला. “टंच किती?”

“नव्वद.”

“मग बावीस कॅरेटबी न्हाई की रं. त्याला ९१.६ लागतंय.”

क्रेडिटराव डगमगले नाहीत. नियम त्यांच्या बाजूनं होता. यूजीसीच्या २०२१च्या विनियमांप्रमाणे एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्’वरून करता येतात. बाकीच्या ६० टक्क्यांसाठी कॉलेजात जावं लागतं, हा तेवढा अन्याय. फाईल काखेत मारून ते विभागप्रमुखांकडे गेले. त्यांनी लखनवी अदबीनं बसवलं, चहा मागवला, एकेक प्रमाणपत्र कौतुकानं पाहिलं आणि मग हळूच म्हणाले, “मियाँ, नाम लिखाने से पहले पूछा था?”

कुठले कोर्स चालतील हे विद्यापीठ ठरवतं आणि त्याची यादी आधी पाहायची असते. ‘पहले आप’च्या या शहरात वाढूनही ‘पहले पूछिए’ तेवढं शिकायचं राहिलं होतं. जर्मन कसंबसं खपलं. मृदा-यांत्रिकीसाठी बी.कॉम.मध्ये जागा निघेना.

तरी क्रेडिटराव निवांत आहेत. क्रेडिट बँकेत जमा झालेलं क्रेडिट सात वर्षांपर्यंत टिकतं आणि तोवर मृदा-यांत्रिकी लागणारं बी.कॉम. कुणीतरी काढेलच, असा त्यांचा हिशेब आहे. दरम्यान नव्या सत्राची नोंदणी सुरू झाली असून त्यांना बारा आठवड्यांचं काहीतरी सापडलं आहे.

तुमच्याही घरी असा राव असेल तर त्याला रागावू नका, पोरगं खरंच अभ्यास करतं. फक्त परीक्षेचे पैसे हातावर ठेवण्याआधी विद्यापीठाची मंजूर यादी दाखव म्हणा.