विषय : सत्कार रद्द करणेबाबत

शारजा

ती. काकांस शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. यंदा गणेशोत्सवात मंडळाने 'परदेशस्थ त्यागमूर्तीं'चा सत्कार योजलाय आणि यादीत पहिलं नाव माझं, हे वाचून हिला हसू आवरेना. पाकिटातून वर्गणीचं पावतीपुस्तक निघालं, तेव्हा माझा नंबर पहिला का लागला तेही कळलं.

तुम्ही लिहिता, 2022 साली परदेशातल्या भारतीयांनी घरी शंभर अब्ज डॉलरांवर पैसा धाडला, त्यात आपला देश जगात पहिला, आणि हा सगळा त्यागाचा पैसा. आकडा बरोबर आहे. त्यातला माझा वाटा म्हणजे आपल्या पडवीचे पत्रे आणि आईच्या डोळ्याचं ऑपरेशन. पण त्याग कुठला, काका? मी एसीत बसून हिशेब लिहितो. पगारावर आयकर नाही. दुबईतलं भाडं झेपत नाही म्हणून शारजात राहतो आणि रोज गाड्यांच्या रांगेत तास-दीड तास काढतो. एवढ्यावर शाल द्यायची तर घोडबंदर रोडवर ट्रकभर शाली वाटाव्या लागतील.

रविवारी जेवताना यावरून घरात जुंपली. ही म्हणाली, "त्याग असलाच तर माझा. जिल्हा परिषदेच्या शाळेतली कायमची नोकरी सोडून आले. तुम्ही काय सोडलंत? बांधावरून चालणारी रोजची भांडणं!" (हे काकूंना वाचून दाखवू नये.) त्यावर लेक म्हणाली, "मला कुणी विचारलं होतं?" तिचा जन्म इथला, पासपोर्ट भारताचा आणि व्हिसा माझ्या नोकरीला टांगलेला. मी तिला आणखी एक आंबोळी वाढली.

जेवायला वरच्या वाडीतला तो इलेक्ट्रिशियन पोरगाही होता. दुबईला सोनापूरच्या लेबर कॅम्पात राहतो. दुमजली खाटा, पहाटेची बस, संध्याकाळी डब्याची रांग. 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला इथे कायद्याने बंदी आहे. सकाळचं आणि तीननंतरचं ऊन मात्र त्याचंच. आपल्याकडच्या कायद्याने एजंटाला 30 हजार आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं. याच्याकडून त्याच्या कितीतरी पट उकळले. पहिलं वर्ष सावकाराचं देणं फेडण्यातच गेलं.

म्हटलं, खरा त्यागमूर्ती हा. त्याने सोलकढीची वाटी तोंडाला लावली, शांतपणे संपवली आणि म्हणाला, "दादा, घराला स्लॅब पडला, बहिणीचं लग्न झालं, ते खरं. पण चिपळुणात वायरिंगची कामं मिळतच होती की. उपाशी नसतो मेलो. फक्त देवळाच्या सभेत मागे खांबाला टेकून बसायचो. आता पुढची खुर्ची देतात. त्या खुर्चीसाठी आलो म्हणा."

"मग घरी फोनवर कॅम्पातलं का सांगत नाहीस?"

"सांगितलं तर खुर्ची जाईल ना!"

आपले आजोबा आठवा. गिरणीत लागले, लालबागला गावकीच्या खोलीत पाळीपाळीने झोपले. सगळा संसार एका ट्रंकेत. त्यांच्या मनीऑर्डरीतून तुमची फी गेली. त्यांना कुणी त्यागमूर्ती म्हटलं नाही. चाकरमानी म्हटलं, आणि गणपतीला आले की आरतीला पेटीवर बसवलं. आजी तर चारचौघांत सांगायची, "नांगर धरायचा कंटाळा, म्हणून पळाले मुंबईला." पोटासाठी गेले, हौसेने गेले की भाऊबंदकीला कंटाळून, हे त्यांनाही निवडून सांगता आलं नसतं. माझंही तेच. त्याग म्हटलं की माणसाची हौस झाकली जाते, आणि नुसता पैशामागे गेला म्हटलं की ते साडेबाराआधीचं ऊन. मंडळाच्या मानपत्रात दोन्ही बसणार नाही. त्याची चौकट लहान असते.

तेव्हा सत्कार रद्द करावा, ही विनंती. वर्गणी पाठवतो, तिला सत्काराची गरज नाही. तो पोरगा दोन वर्षांनी गणपतीला घरी येतोय. शाल त्यालाही नको. फक्त "कधी आलास?"च्या पाठोपाठ "परत कधी?" विचारतात, ते वाडीने विसर्जनापर्यंत तहकूब ठेवावं. आणि देवळातली वायरिंग फुकटात करून दे म्हणून त्याला शिडीवर चढवू नये. माणूस सुटीवर येतोय.

काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचा पुतण्या

ता. क. : ही म्हणते, सत्कार तिचा असेल तर ती यायला तयार आहे. तिकिटाचं मंडळाने बघावं.