वारसा, खिडकी क्रमांक दोन

१८ एप्रिलला, जागतिक वारसा दिनी, पुरातत्त्व खातं स्मारकांचं तिकीट माफ करतं. सांगलीजवळच्या आम्हा माधवनगरकरांना त्याचं काय अप्रूप? १९४८ मध्ये सांगली संस्थान विलीन झालं आणि राजाच्या गणेशदुर्ग किल्ल्यात सरकारी कचेऱ्या शिरल्या. तेव्हापासून सामान्य रयत वारसा-फेरी काढतेच आहे. या टेबलावरून त्या टेबलावर, हातात कोर्ट फी स्टँप लावलेला अर्ज. दगडी कमान निरखायलाही भरपूर वेळ मिळतो, कारण साहेब जेवायला गेलेले असतात. माहिती सांगायला शिपाई आहेच, चहापुरता खर्च.

आमच्या गावातल्या बंद कापड गिरणीला मात्र वारसा म्हणायला कुणी धजत नाही. राजा राहिला तो वारसा; कामगार राबला ती ‘मोक्याची जागा’.