पाचवा पदर

संगमेश्वरात शास्त्री आणि सोनवी या नद्यांचा संगम होतो. रस्त्यावर एसटी, डंपर, सायकल आणि पायी चालणारा यांचाही होतो. इथून जाणाऱ्या मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले. त्याचे चारही पदर गाड्यांचे. चालणाऱ्याच्या वाट्याला साइडपट्टी, तीही पावसाळ्यात चिखलाची. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषानुसार पदपथावर चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा लागते. पण पाठीवर दप्तर आणि हातात छत्री असलेल्या पोराला वीतभरही पुरते, असा शोध कोकणात केव्हाच लागलेला दिसतो! सायकलवाला त्याहून समजूतदार: मागून हॉर्न वाजला की आपणहून गटाराच्या कडेला उतरतो. शाळा-बाजारापाशी वेग उतरवणारा उंचवटा आणि सलग पदपथ एवढ्याने बरेच भागेल. त्याला तरी चौपदरीकरणाइतकी वर्षे लावू नयेत.