नाडी माझी, निदान गावाचं

आमच्या टोकावड्यात डॉक्टर मोजके असतील, पण निदान करणारे घरटी दोन. माझी नाडी नुसत्या बसल्या जागी 110 ने पळते हे कळल्यापासून तर प्रत्येकजण येता-जाता माझं मनगट धरतो. नानांच्या मते हे बाहेरचं आहे, भगताला दाखवावं. शेजारच्या काकूंना खात्री की पोरगं कुणाच्या तरी प्रेमात पडलंय. माझं वय आता बेचाळीस, तरी काकूंनी आशा सोडलेली नाही.

खरं कारण रुक्ष आहे. मला सिकलसेल आहे. निरोगी माणसाची तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते, माझी दहा-वीस दिवसांत आटोपते. हिमोग्लोबिन कायम तोकडं. तेवढ्यावरच सगळ्या अंगाला प्राणवायू पोचवायचा, म्हणून हृदय टेम्पोवाल्यासारखं खेपा वाढवतं. 1910 साली शिकागोच्या डॉ. हेरिक यांनी एका रुग्णाच्या रक्तातल्या या विळ्यासारख्या वाकड्या पेशींची नोंद छापली. आमच्याकडे विळा भातकापणीपुरता निघतो, माझ्या अंगात तो बारमाही.

रक्त कमी म्हटलं की गावाला एकच औषध ठाऊक, लोह. बीट, खजूर, गूळ, आळिवाचे लाडू, शिवाय लोखंडी कढईतली भाजी. डॉक्टर मात्र म्हणाले, "तपासल्याशिवाय लोहाची गोळी घ्यायची नाही. तुमच्यात लोह कमी नाही, पेशी टिकत नाहीत." माझ्या गोळ्या दोन, फॉलिक अ‍ॅसिड आणि हायड्रॉक्सीयुरिया. हे दुसरं नाव आईला अजून उच्चारता येत नाही. ती त्याला "युरियाची गोळी" म्हणते आणि भाताच्या खाचराकडे संशयाने बघते.

पथ्यं दोनच, पाणी भरपूर प्यायचं आणि गारठा टाळायचा. पावसाळ्यात मुंबईचे लोक गाड्या भरभरून आमच्या दारावरून माळशेजच्या धबधब्यात भिजायला जातात. मी ओट्यावर, ऐन जुलैत कानटोपी घालून, हातात पाण्याची बाटली. बाहेर धो धो कोसळतंय आणि हा आत पाणी ढोसतोय, हे दृश्य पाहायला काही गाड्या मुद्दाम हळू होतात असा माझा वहीम आहे. पण भिजलो की रात्री हाडं अशी ठणकतात की कानटोपीची लाज वाटत नाही. ताप आला किंवा छातीत दुखलं, तर मात्र थट्टा बंद आणि तडक दवाखाना.

या आजाराचा एकमेव नगद फायदा म्हणजे एसटीचा मोफत प्रवास. परवा मुरबाडच्या गाडीत कार्ड दाखवलं. कंडक्टरने मला खालून वर न्याहाळलं.

"दुखतं कुठं?"

"आत्ता कुठंच नाही."

"मग?"

मी मनगट पुढे केलं. त्याने तिकिटाचं मशीन काखेत मारलं आणि घड्याळाकडे बघत नाडी धरली. तेवढ्यात गाडी खड्ड्यात गेली, मोजणी चुकली, त्याने पुन्हा एकपासून सुरुवात केली. मग ड्रायव्हरला हाळी दिली, "भाऊ, ह्यांची नाडी आपल्या गाडीपेक्षा जोरात पळतीय!"

गाडी हसली. मागच्या सीटवरच्या मावशी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी बाजाराच्या पिशवीत हात घातला आणि माझ्या मांडीवर मातीसकट दोन बीट ठेवले.