उपाशी वाढपी

साहेबांनी उभ्या नोकरीत कुणाचा एक पैसा खाल्ला नाही, हे त्यांचे शत्रूही मान्य करतात. मान्य करतात आणि मग अर्धा तास त्यांना शिव्या देतात. स्वच्छ माणसाबद्दल लोक इतकं वाकडं का बोलतात, हे कोडं साहेबांना अजून सुटलेलं नाही. त्यांच्या पत्नीला सुटलेलं आहे, पण त्या बोलत नाहीत.

मंत्रालयात असे साहेब मजल्यागणिक सापडतात. मी चार-पाच जणांचे मिळून एक केले आहेत. वाचणाऱ्या कुठल्याही साहेबाला हे शेजारच्या दालनाबद्दल आहे असं वाटावं, एवढीच इच्छा.

दिवाळीत कंत्राटदाराकडून आलेला सुकामेवा साहेब शिपायाच्या हाती परत धाडतात. (तो जिन्यापर्यंत पोचतो की नाही, हा शिपायाच्या सचोटीचा प्रश्न.) डबा घरचा, पोळी-भाजी आणि लिंबाचं लोणचं. मुलीला शाळेत सोडायला सरकारी गाडी कधी गेली नाही. मालमत्तेचं विवरण 31 जानेवारीपर्यंत द्यायचं असतं, यांचं 2 जानेवारीलाच जातं. त्यात पुण्याचा एक फ्लॅट आणि गावाकडची भावाबरोबरची सामाईक दीड एकर, तीही कोरडवाहू.

आता एक फाईल बघू. भूखंड मागितलाय मंत्र्यांच्या जवळच्या माणसाने. कक्ष अधिकाऱ्याने तीन पानं भरून लिहिलंय की, असं करता येत नाही. अवर सचिव सहमत, उपसचिव सहमत. फाईल साहेबांकडे येते. साहेब अक्षर न् अक्षर वाचतात, पट्टी लावून अधोरेखित करतात, एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारतात. मग खाली सुवाच्य अक्षरात लिहितात, ‘विभागाचे अभिप्राय योग्य आहेत. तथापि, मा. मंत्री महोदयांचे निर्देश विचारात घेता, प्रस्ताव मान्यतेस्तव सादर.’

साहेबांचं सगळं कर्तृत्व त्या ‘तथापि’त आहे. तथापिच्या अलीकडे कायदा, पलीकडे मंत्री, आणि साहेब मधल्या स्वल्पविरामावर पाय जुळवून उभे. उद्या चौकशी लागली तर अलीकडचं वाक्य दाखवायचं, बढतीची वेळ आली तर पलीकडचं. दालनाबाहेर स्टुलावर बसणारा शिपाई याला फार थोडक्यात आटोपतो. “साहेब पंगतीला बसत नाहीत हो,” तो म्हणतो, “पण वाढायला सगळ्यात पुढे. आणि आग्रह करून वाढतात.”

साहेबांना स्वतःच्या तोंडात न गेलेला घास तेवढा दिसतो. वाढप्याचा हात कोपरापर्यंत बरबटतो, हे त्यांच्या विवरणपत्रात लिहायला रकानाच नाही.

निष्ठेचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं. प्रत्येक पक्षाला वाटतं, हा माणूस दुसऱ्यांचा. साहेब यावर नियम काढतात. अखिल भारतीय सेवेचे वर्तणूक नियम 1968 चे, त्यांत ‘राजकीय तटस्थता’ हे शब्द 2014 साली आले. “मी त्याच्या आधीपासून तटस्थ आहे,” साहेब म्हणतात. खरं आहे ते. तटस्थ म्हणजे तटावर उभा. साहेब तटावरून कधी हललेले नाहीत, फक्त नदीने पात्र बदललं की तट बदलतात.

त्यांच्या दालनात मुख्यमंत्र्यांच्या तसबिरीसाठी एक खिळा आहे. नोव्हेंबर 2019 मध्ये त्या खिळ्याने फार सोसलं. 12 तारखेला राष्ट्रपती राजवट आली, तसबीर उतरली. ते अकरा दिवस साहेबांच्या सेवेतले सर्वांत सुखाचे. मंत्रीच नाही, त्यामुळे निष्ठा धुऊन दोरीवर वाळत घातलेली. 23 तारखेला पहाटे शपथविधी झाला आणि कपाटामागची तसबीर पुन्हा वर चढली. 26 ला राजीनामा, तसबीर खाली. 28 ला शिवाजी पार्क, नवी तसबीर. खिळा तोच.

2 जुलै 2023 ला मात्र साहेबांची खरी प्रतिभा दिसली. विरोधी पक्षनेत्यांनी घेतलेला एक आक्षेप खोडून काढणारी टिपणी तयार होती, आणि त्या रविवारी विरोधी पक्षनेतेच उपमुख्यमंत्री झाले. सोमवारी साहेबांनी ‘आक्षेप’ खोडून ‘मौलिक सूचना’ केलं, ‘तथ्य नाही’ मधला ‘नाही’ खोडून ‘आहे’ केलं आणि फाईल पुढे पाठवली. दोन दुरुस्त्यांत सरकार बदलून घेणारा दुसरा अधिकारी माझ्या ऐकिवात नाही. 2024 च्या निकालानंतर मुख्यमंत्री कोण, हे ठरायला दिवसांमागून दिवस गेले, तेव्हा साहेबांनी पुष्पगुच्छ आधीच सांगून ठेवला होता. फुलवाल्याने नाव विचारलं. “मा. मुख्यमंत्री एवढंच घाला,” साहेब म्हणाले, “पदाचा मान असतो.”

तुकाराम मुंढे यांच्या बदलीची बातमी आली की साहेब पेपर खाली ठेवून मनापासून हळहळतात. असे अधिकारी हवेत, असं ते जाहीर कार्यक्रमात सांगतात. वीसहून अधिक बदल्या! शिवाजी जन्मावा, पण शेजारच्या घरात. आणि शेजारीही शक्यतो दुसऱ्या विभागातला.

मास्तरांनी लावलेल्या 1 जून या जन्मतारखेमुळे साहेब 31 मे ला निवृत्त होतात. निरोपाला सत्ताधारी येतात, विरोधकही येतात. दोघेही ‘आपला माणूस’ म्हणतात आणि बाहेर व्हरांड्यात दोघेही डोळे मिचकावतात. कुठल्याशा प्राधिकरणावर नेमणूक ठरल्याची कुजबुज असतेच.

गर्दी पांगल्यावर तो तीन पानं लिहिणारा कक्ष अधिकारी आत येतो. आता काही बिघडणार नाही, म्हणून धीर करून विचारतो, “सर, त्या भूखंडाबद्दल तुमचं स्वतःचं मत काय होतं?”

साहेब बराच वेळ खिळ्याकडे बघतात. मग सवयीने पेन काढतात, समोरच्या कोऱ्या कागदावर ‘कृपया चर्चा करावी’ लिहितात आणि खाली सही करतात. तारीख घालत नाहीत.